घोडीचं काय झालं

आई गेल्याची बातमी माझ्या भावाने मला सांगितली नाही. ती त्याने एका जाड्या आचाऱ्याला सांगितली.

बहरीनमध्ये शुक्रवारची सुट्टी असते. दर शुक्रवारी सकाळी अकराला मी गावी व्हिडिओ कॉल लावायचो, फोनचा मागचा कॅमेरा सुरू करायचो आणि फोनचा स्क्रीन लोणच्याच्या बरणीला टेकवून कॅमेरा टीव्हीकडे करून ठेवायचो. म्हणजे तिकडे सिंधुदुर्गात आईला आमच्या खोलीतला टीव्ही दिसायचा. आचारी त्या टीव्हीवर होता. जुन्या, काळ्या-पांढऱ्या अमेरिकन सिनेमातला, पोटावर एप्रन बांधलेला, चेंडू टाकायला हात वर केलेला. मागच्या वेळी आम्ही तिथे थांबलो होतो. शेवटची पंधरा मिनिटं राहिली होती. फोन उचलला गेल्याचं ऐकू आलं तशी मी टीव्हीकडे बघतच म्हणालो, "आये, बसलंस काय? पिक्चर आज संपतलो."

भाऊ म्हणाला, "आये गेली रे. बारा वाजता."

मी रिमोट हातात घेऊन उभा होतो. भावाला मी दिसत नव्हतो, त्याला आचारी दिसत होता. तो म्हणाला, "संध्याकाळच्या आत करूचां लागतलां. तुझ्यासाठी थांबाक जमूचां नाय." मी बरं म्हणालो. माझा पासपोर्ट त्याच आठवड्यात रिन्यूला दिला होता, त्यामुळे निघायचं म्हटलं तरी निघता येणार नव्हतं. भावाला ते माहीत होतं. आये गेली, असं त्याने पुन्हा सांगितलं, पण यावेळी आवाज बारीक करून, आणि मग फोन ठेवला.

मला काही झालं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं लिहून काय मिळणार आहे? मी बरणी उचलून फडताळात ठेवली. मग बादलीत भिजवलेले युनिफॉर्म धुतले.

खोली जिदहफ्सला, एका जुन्या इमारतीत. मी आणि माझा रूममेट, दोघेच. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, साताऱ्याकडचा, एसी मेकॅनिक. सगळे त्याला मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मी एका कॉन्ट्रॅक्टरची स्टाफ बस चालवतो. पहाटे जिदहफ्समधून माणसं उचलायची, अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यावर सोडायची, आणि शिफ्ट सुटेपर्यंत बसमध्ये पडून राहायचं. नोकरी वाईट नाही. फक्त सुट्टीचा शुक्रवार पुष्कळदा ओव्हरटाइममध्ये जातो आणि मी नाही म्हणत नाही.

सिनेमा मामाचा. इथल्याच एका पुणेकर साहेबांच्या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करताना त्यांनी त्याला एक पेन ड्राइव्ह दिला होता, जुन्या इंग्रजी सिनेमांनी भरलेला. या सिनेमाची सुरुवातच कापलेली होती, त्यामुळे त्याचं नाव काय ते आम्हांला कधी कळलं नाही. आई त्याला घोड्यांचा पिक्चर म्हणायची. गोष्ट सोपी होती. गुराख्यांची एक रँच, मालकीण विधवा. शेजारच्या रेल्वेच्या गावातल्या बड्या माणसाने पैज लावलेली, की आमच्या टीमला बेसबॉलमध्ये हरवा, नाहीतर रँच सोडा. गुराख्यांनी चेंडू म्हणून आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मग तो जाडा आचारी पुढे येतो, कारण भाकऱ्या थापून थापून त्याच्या हातात जोर असतो. एक गुराखी चेंडू मारतो आणि पळायचं सोडून घोड्यावर चढतो, घोड्यावरून मैदानाला फेरी मारतो, आणि अंपायर पुस्तक उघडून बघत बसतो की हे चालतं की नाही.

आम्ही तो गणपतीनंतर सुरू केला होता. त्याचं कारण प्रेमबिम नव्हतं. फोनवर आईशी बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. जेवलास काय, जेवलो. पाऊस कसा, गेला. ड्युटी कशी, बरी. तिथे संपलं. एका शुक्रवारी मामाने हा सिनेमा लावलेला होता आणि आईने फोनमधून घोड्यांचा आवाज ऐकला. म्हणाली, दाखव. मी कॅमेरा फिरवला, आणि सुटलो. आता मला फक्त ते लोक काय बोलतात ते मालवणीत सांगायचं होतं. खाली इंग्रजी अक्षरं यायची, अर्धी मला कळायची, अर्धी मी पदरची घालायचो. मामा शेजारी बसून हसायचा, कारण त्याला इंग्रजीपेक्षा माझी मालवणी कमी कळायची.

आई प्रत्येक गोष्ट विचारायची, म्हणून एका शुक्रवारी दहा-बारा मिनिटांच्या वर सिनेमा सरकायचा नाही. बेसबॉल तिला पटला नव्हता. "ह्यो कसलो खेळ रे? मारूचां, धावचां, आणि धावान धावान परत थंयच येवचां. मगे कशाक धावतत?" मी म्हणालो, "तसोच असता तो." ती म्हणाली, "येडे आसत."

मॅच कोण जिंकणार याच्याशी तिला देणं-घेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो आचाऱ्याच्या म्हाताऱ्या घोडीत. पांढरी घोडी, पाठीला बाक आलेला, आचाऱ्याची भांडीकुंडी वाहणारी. मॅचच्या दिवशी सकाळी तो बडा माणूस तिला पळवतो आणि स्टेशनमागे बांधून ठेवतो. आचाऱ्याचं लक्ष उडावं म्हणून. गुराखी हरले, की तिला मालगाडीत चढवून कसायाकडे धाडणार. यानंतर मॅच सुरू होते ती संपतच नाही, आणि घोडी काही परत दिसत नाही. आई दर शुक्रवारी पहिलं हेच विचारायची. "ती खंय असा? तिका सकाळपासून पाणी दाखवल्यानी काय?" मी सांगायचो, अजून मॅच चालू आहे. ती म्हणायची, "मॅच गेली खड्ड्यात."

मध्ये चार शुक्रवार मी ओव्हरटाइम घेतला. त्यामुळे दोन तासांचा सिनेमा पौष उजाडला तरी संपला नव्हता.

आई गेली त्या शुक्रवारी मामा कामावर होता. परत आला तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं. त्याने बूट काढले, आत आला, टीव्ही बंद केला आणि त्याच्यावर आपला अंघोळीचा टॉवेल टाकला.

"तेरा दिस न्हाय लावायचा," तो म्हणाला. "आज गॅसला बी हात लावायचा न्हाय. मी भायरनं आणतो."

मी म्हणालो, "मामा, सुतक मला. तुम्हांला कशाला?"

"एका गॅसवर जेवतो न्हवं आपण? मग चूल एकच झाली."

शास्त्रात असं काही नसावं. पण मामाने ते तेरा दिवस पाळलं. त्याच्या कपाटात जोतिबाचा फोटो आहे, त्याच्यापुढची उदबत्तीसुद्धा त्याने बंद केली. साताऱ्याहून मामीचा फोन आला तेव्हा तिने त्याला झापलं, तो तुमचा कोण लागतो म्हणून. मामा म्हणाला, "तू गप." त्या दिवशी त्याने हॉटेलातून खबूस, म्हणजे इथल्या अरबी रोट्या, आणि डाळ आणली. आमच्याकडे मयताच्या घरी शेजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. मी खबूस डाळीत बुडवून चार खाल्ले. कडू लागले नाहीत, कसलेच लागले नाहीत.

गावी अग्नी देताना पुतण्याने फोन धरला होता. मला धूर दिसला, लोकांची कोपरं दिसली, आणि बराच वेळ पुतण्याची चप्पल दिसली. मी सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी बस वेळेवर काढली.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी न्हाव्याकडे गेलो आणि डोकं, मिशी सगळं उतरवून आलो. खाली कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, दूध घ्यायला थांबलो, तर एका म्हाताऱ्या बहरिनी गृहस्थाने माझा गोटा पाहिला. त्याला वाटलं मी मक्केला उमरा करून आलो. त्याने छातीवर हात ठेवला, माझा हात हातात घेतला, अल्लाने कबूल करावं असं काहीतरी म्हणाला, आणि इतका प्रसन्न हसला की मी शुक्रान म्हणून आभार मानले. दुकानदार मल्याळी, मला ओळखणारा. त्याने दुधाचे पैसे घेतले नाहीत. त्या दोघांपैकी कुणाचंही मला काही वाटलं नाही. याचाच मला पुढे कंटाळा यायला लागला. माणसाला काहीतरी वाटायला पाहिजे.

दहावा दिवस रविवारी होता. मी माणसं सोडून अस्करला बस लावली, एसी चालू ठेवला आणि मागच्या लांब सीटवर जाऊन बसलो. साडेआठला, म्हणजे तिकडे अकराला, भावाचा व्हिडिओ कॉल आला. व्हाळाच्या कडेला केळीच्या पानावर पिंड ठेवले होते. भटजी एका बाजूला बसले होते. भाऊ, बहीण आणि भावकीतले पाच-सहा जण लांब उभे होते, कावळ्याला जागा देऊन.

"आंब्यार बसलो हा," भाऊ म्हणाला. "पण शिवणा नाय."

पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आमच्यात धरतात. मग नातलगांनी एकेक करून शब्द द्यायचा. भावाने आधीच बरंच दिलं होतं. जमिनीवरून चुलत्याशी चाललेला वाद मिटवतो. बहिणीला माहेराला अंतर देणार नाही. गाय विकणार नाही. मांजराला घालत जाईन, असंही तो म्हणाला होता, आणि त्याला मांजर डोळ्यांपुढे नको असतं. कावळा फांदीवर चोच घासत होता. ऊन चढत चाललं होतं आणि भटजींना दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, अजून दहा मिनिटं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. भावाला ते नको होतं. दर्भाचा कावळा म्हणजे इच्छा राहिली ती राहिलीच.

"तुझां काय बोलूचां रवलां हा काय?" त्याने विचारलं. "बोल. मी फोन पानाकडे धरतंय."

मी बसमध्ये उठून उभा राहिलो. का, माहीत नाही. म्हणालो, "आये, मे महिन्यात येतंय." कावळा आला नाही. म्हणालो, "घराची पडवी बांधतंय." नाही. मग मला आणखी काही सुचेना. माझ्या आईला माझ्याकडून काय हवं असेल, याची यादी दोन गोष्टींत संपली.

तेव्हा मागून बहीण बोलली. ती शेवटचे दोन महिने सासरहून येऊन आईपाशीच राहिली होती. ती म्हणाली, "त्या घोडयेचां सांग. आयेन दोनदा इचारल्यान माका."

भाऊ चिडला. "कसली घोडी? हय काय चललां हा, आणि तू..."

"सांग तू," बहीण म्हणाली.

शेवट मी पाहिलेलाच नव्हता. तसं सांगायला हवं होतं. पण कावळा आंब्यावर, भटजी घड्याळ बघतायत, भाऊ लांबून पानाकडे फोन धरून उभा. मी बसमध्ये उभा राहून मोठ्याने म्हणालो, "आये, घोडी गावली. मालगाडीत चढवूक नाय. घराक आणल्यानी. पाणी दाखवल्यानी."

फोनमध्ये पंखांचा आवाज आला.

"शिवलो," भाऊ म्हणाला, आणि खाली बसला. भावकीतलं कुणीतरी रडलं. मी बसची काच पुसत होतो. काच स्वच्छ होती.

मामाला मी हे संध्याकाळी सांगितलं. वाटलं, तो हसेल. त्याने ताट खाली ठेवलं.

"आणि घोडी मेलीबिली असंल तर?"

मीही माझं ताट खाली ठेवलं.

"आरं, पिंडावर खोटं बोलायचं नसतं. त्यो शब्द असतो."

आणि मग मला, दहा दिवसांत पहिल्यांदा, काहीतरी वाटलं. भीती वाटली. मेलेल्या आईला मी थाप मारली होती, आणि ती खरी की खोटी हे टॉवेलखालच्या टीव्हीत बंद होतं. सिनेमाचं नाव माहीत नाही म्हणून फोनवर शोधायची सोय नव्हती. मामाला लगेच बघायचं होतं. मी म्हणालो, "तेरा दिवस तुम्हीच सांगितलेत ना? आता पाळा." खरं म्हणजे मला बघायचं नव्हतं. बस चालवताना मी हिशेब मांडत राहायचो. विनोदी सिनेमा आहे, म्हणजे घोडी मारणार नाहीत. पण जुन्या सिनेमांचा भरवसा नाही. आणि अमेरिकन माणूस कसायाला घोडी विकायला निघतो, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बुधवारी तेरावा झाला. मामाने जोतिबाला उदबत्ती लावली. टॉवेल शुक्रवारपर्यंत तसाच राहिला.

त्या शुक्रवारी अकरा वाजता मी बरणी काढली. मग परत ठेवली.

मामाने टॉवेल उचलला, टीव्ही लावला. आचारी हात वर करून तसाच होता. मी बटण दाबलं, त्याने चेंडू टाकला, रेल्वेवाल्याची बॅट हवेत फिरली आणि तो गरकन फिरून बसला. गुराखी जिंकले. टोप्या उडाल्या. आचाऱ्याला खांद्यावर उचलायला गेलेले चौघं त्याच्यासकट कोसळले, आणि मामा सवयीने हसला, मग थांबला. बड्या माणसाला पाण्याच्या हौदात टाकलं. मालकिणीने एका गुराख्याचा हात धरला. बाजा आला. सगळे नाचायला लागले, आचारीसुद्धा. मागे स्टेशनात शिट्टी झाली आणि मालगाडी सुटली. मग इंग्रजीत समाप्त आलं.

"घोडी?" मामा म्हणाला.

आम्ही मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तीन वेळा पाहिलं. घोडी नव्हती. मेली नाही, सुटली नाही, गाडीत चढली नाही. सिनेमा काढणारे तिला स्टेशनमागे बांधून विसरून गेले होते. इतकी माणसं नाचत होती, एकाने तिचं नाव काढलं नाही. मामाने एका जागी थांबवलं आणि टीव्हीवर बोट ठेवलं. नाचणाऱ्यांच्या मागे, स्टेशनच्या कोपऱ्यात, काहीतरी पांढरं होतं.

"ती बघ. तीच हाय."

"टाकी आहे मामा ती."

"घोडी हाय," मामा म्हणाला. "त्यांनी दावली न्हाय म्हंजी तू म्हणलास तेच खरं. कोण हाय दुसरं सांगणारं?"

मी बहिणीला फोन लावला. तिला कळायला हवं असं वाटलं. सांगितलं, की मी दहाव्याला बोललो ते मनाचं होतं, सिनेमात घोडीचं काही दाखवलंच नाही. मी आपला टीव्हीकडे बघत होतो, पांढरा ठिपका तसाच होता.

मग तिने सांगितलं. आईच्या पोटात गाठ होती. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं होतं. भाऊ मला कळवणार होता, आईने दोघांना शपथ घातली. कळलं तर मी नोकरी टाकून धावत येईन, अशी तिची खात्री. पण नंतर तिचं तिलाच वाटलं असावं, की सांगावं. बहीण दर शुक्रवारी विचारायची, आज सांगूया का. आणि आई दर शुक्रवारी म्हणायची, "पिक्चर संपू दे, मगे सांगूया."

मला माझे चार शुक्रवार आठवले. ओव्हरटाइमचे. दसऱ्यानंतरचे. तेव्हा माझी लीव्ह शिल्लक होती आणि पासपोर्ट ट्रंकेत होता.

मी विचारलं, "बारीक झाली होती?"

"तू बघत होतंस ना दर शुक्रवारी," बहीण म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला खरंच तसं वाटत होतं. तिला काय माहीत, की मी फोनचा स्क्रीन बरणीकडे करून ठेवायचो आणि स्वतः सिनेमा बघत असायचो. गेले चार महिने मी आईचा चेहरा पाहिला नव्हता. आवाज तर रोजच्यासारखा होता.

मला राग आला. सिनेमावाल्यांचा आला, आधी त्यांचाच. एक घोडी बांधून ठेवता आणि नाचता? मग बाकीचा आला, तो कुणाचा ते मला ठाऊक आहे. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

बहीण म्हणाली, "ठेवू काय मगे?" मी म्हणालो, थांब, कॅमेरा लाव. तिने लावला. मी टीव्ही बंद केला, फोन हातात धरला आणि पुढचा कॅमेरा सुरू केला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पुढचे केस पांढरे झाले होते, ते केव्हापासून, मला माहीत नव्हतं. ती माझ्या गोट्याकडे बघत होती.

"काय झालां?" तिने विचारलं.

"काय नाय. तशीच रव जरा," मी म्हणालो. "तोंड बघतंय."